खर्रा, धोतर आणि डॉक्टर खानोलकर

यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही फाट्यावर एसटीतून उतरा, थांब्याला लागून पानठेला दिसतोच. ठेलेवाला कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एका पन्नीत घेतो, घोटून घोटून त्याचा खर्रा करतो, पुडीला गाठ मारतो आणि गिऱ्हाईकाच्या हातावर ठेवतो. दारव्हा असो, घाटंजी असो की पांढरकवडा, कृती तीच. या पुडीवर काहीही छापलेले नसते. कंपनीचे नाव नाही, किंमत नाही, धोक्याचे चित्रही नाही. छापायचेच ठरवले, तर काय छापावे लागेल? तंबाखू आणि सुपारी या दोन्ही घटकांविषयी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा निर्वाळा एकच आहे. माणसाला यापासून कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. त्या संस्थेच्या भाषेत, पहिला गट.

हा निर्वाळा कोण देतो, कशाच्या आधारावर देतो आणि त्याला एवढी वर्षे का लागतात, हे प्रश्न कोरड्या सरकारी कागदांचे वाटतील. पण त्या कागदांच्या तळाशी गेले की एक मराठी नाव सापडते. डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असतात. खारघरला टाटा स्मारक केंद्राची जी संशोधन संस्था आहे, तिथल्या एका इमारतीला खानोलकर शोधिका असे नाव आहे. त्यापलीकडे सर्वसामान्य मराठी घरात हे नाव फारसे निघत नाही. आपल्याकडे शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर लोकांच्या लक्षात राहतो, सूक्ष्मदर्शकावर डोळा लावून बसणारा राहत नाही.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये तिथूनच विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळवली. त्या काळी विलायतेतून अशी पदवी घेऊन येणाऱ्याला मुंबईत दवाखाना थाटून गडगंज होता आले असते. खानोलकरांनी मात्र ज्यात रुग्णाशी थेट गाठ पडत नाही असा विषय निवडला होता. विकृतिशास्त्र म्हणजे शरीरातला रोग पेशींच्या पातळीवर ओळखण्याचे शास्त्र. गाठीचा छोटा तुकडा काढायचा, त्याचे कागदाहून पातळ काप करायचे, रंगवायचे आणि भिंगाखाली पाहून सांगायचे, ही साधी गाठ की कर्करोग. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात ते हाच विषय शिकवीत राहिले.

त्या दिवसांत एक समज चांगल्या शिकल्यासवरलेल्या लोकांतही होता. कर्करोग हा सुधारलेल्या, मांसाहारी, श्रीमंत देशांचा आजार. आपल्याकडे तो फारसा नाहीच. या समजाला पुरावा काय, तर नोंदी नाहीत! रोग ओळखायला तज्ज्ञ नाहीत, मृत्यूच्या दाखल्यावर कारण नीट लिहिले जात नाही, मग आकडा कुठून येणार? जे मोजलेच नाही ते नाही, असे म्हणण्याची ही आपली खोड जुनी आहे.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यांच्या स्मरणातून उभी राहिलेली ही वास्तू. तिथल्या प्रयोगशाळा आणि संशोधन यांची सूत्रे खानोलकरांच्या हाती आली, तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येऊ लागले. यवतमाळ तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते. इथून मुंबई गाठायची तर शकुंतलेने मूर्तिजापूर, आणि तिथून मोठ्या रेल्वेने पुढचा प्रवास. तोंडातल्या जखमेने घास गिळता येत नाही अशा अवस्थेत त्या काळी माणसे किती लांबून मुंबईला पोहोचत असतील, याची कल्पना वऱ्हाडातल्या जुन्या घरांना करून द्यायला नको.

या रुग्णांचे तुकडे तपासता तपासता खानोलकरांच्या समोर एक गोष्ट स्पष्ट होत गेली. विलायतेतल्या पुस्तकांत तोंडाचा कर्करोग कुठेतरी मागच्या पानांवर असे. परळला मात्र तोच समोर उभा. गालाच्या आतल्या बाजूला, जिभेवर, हिरडीवर, घशाशी. त्यांनी लागोपाठ आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा घेतला आणि १९४४ मध्ये तो अमेरिकेतल्या कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. लागोपाठ हा शब्द इथे महत्त्वाचा. सोयीचे रुग्ण निवडून घेतले तर हवा तो निष्कर्ष काढता येतो. आले तसे घेतले, तर जे दिसते ते खरे असण्याची शक्यता वाढते.

केवळ भिंगाखाली पाहून हे काम झाले नसते. काचपट्टीवरची पेशी रोग कोणता ते सांगते, तो का झाला ते सांगत नाही. त्यासाठी माणसाला विचारावे लागते. तंबाखू खाता का? नुसती की पानातून? चुना लावून? कुठल्या गालात धरता? रात्री झोपताना तोंडात ठेवता का? विडी ओढता का? असे प्रश्न आज कुठलाही डॉक्टर विचारतो. त्या काळी असल्या चौकशीला शास्त्रात फारसे स्थान नव्हते, ती हवापाण्याच्या गप्पांसारखी समजली जाई.

या चौकशीतून निघालेला सर्वांत विलक्षण लेख १९४५ चा. सहकारी बी. सूर्याबाई यांच्याबरोबर लिहिलेल्या या लेखात त्यांनी भारतात आढळणारे, लोकांच्या वहिवाटीशी जोडलेले कर्करोगाचे तीन नवे प्रकार मांडले. खैनी, म्हणजे तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठाच्या आत धरून ठेवण्याची सवय. अशा माणसांना कर्करोग नेमका तिथेच, ओठाच्या त्या खोबणीत. आंध्रच्या किनाऱ्याकडे चुट्टा नावाची जाडसर चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची पद्धत होती; तिथे कर्करोग टाळूला, जिथे एरवी तो क्वचितच दिसतो. आणि तिसरा प्रकार धोतराचा.

धोतराने कर्करोग! आजही वाचताना माणूस थबकतो. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट कसलेले धोतर, त्याचा काच, घाम, उन्हाळा, त्यातून कातडीवर पडणारा काळसर वळ, मग न भरणारी जखम, आणि काहींच्या बाबतीत तीस-चाळीस वर्षांनी तिथेच कातडीचा कर्करोग. फार माणसांना होतो असे नाही, किंबहुना दुर्मीळच. पण खानोलकरांच्या दृष्टीने तो मोलाचा होता, कारण इथे खाण्यापिण्याचा, धुराचा किंवा रसायनाचा संबंधच नव्हता. कापसाचे साधे वस्त्र विषारी असेल असे कोण म्हणेल? दोष वस्त्रात नव्हता. ते नेसण्याच्या रीतीत होता. कर्करोग कुठे झाला, ती जागा त्या माणसाच्या रोजच्या सवयीकडे बोट दाखवते, हे सूत्र या तीन उदाहरणांत मिळून एकत्र आले.

मुंबईसारखे शहर या अभ्यासाला फारच सोयीचे. एकाच हवेत, एकाच पाण्यावर गुजराती, दख्खनी, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती असे समाज शेजारी शेजारी राहत होते, मात्र प्रत्येकाच्या खाण्यापिण्याच्या आणि नेसण्याच्या रीती वेगळ्या. रोगाची जागाही समाजानुसार बदलताना दिसली. अग्नीला पवित्र मानणाऱ्या पारशी घरांतून धूम्रपान कमी, आणि तंबाखूशी जोडलेले तोंडा-घशाचे कर्करोगही कमी. वंश आणि हवामान यांवर सगळे ढकलून देणाऱ्यांना हे उत्तर होते.

तरीही एक उणीव राहत होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे सरकारी वर्गीकरण समजत नाही. समजा, तोंडाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सत्तर तंबाखू खाणारे निघाले. यावरून काय सिद्ध झाले? काहीच नाही. गावातल्या शंभर धडधाकट माणसांतही सत्तर जण तंबाखू खात असतील तर? म्हणून रुग्णांच्या जोडीला ज्यांना तो रोग नाही अशा माणसांनाही तेच प्रश्न, त्याच पद्धतीने विचारावे लागतात आणि दोन्ही उत्तरांची तुलना करावी लागते. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा असा अभ्यास इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल या जोडीने १९५० मध्ये प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये खानोलकरांनी एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांच्यासह ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंबईचा अभ्यास छापला. त्यात तंबाखू चघळणे आणि ओढणे वेगवेगळे तपासले होते. चघळणाऱ्यांना धोका मुख्यतः तोंडाच्या पोकळीत, ओढणाऱ्यांना तो घशाच्या बाजूला, असे चित्र निघाले. तंबाखू तीच, पण घेण्याची रीत बदलली की रोगाची जागा बदलते. धोतराने शिकवलेला धडा आता आकड्यांत आला होता.

याच सुमारास त्यांच्याभोवती संस्था उभी राहत होती. १९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर सुरू झाले आणि खानोलकर त्याचे संचालक झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या संशोधकांत पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे होत्या. देशात पेशी बाटलीत वाढवून त्यांचा अभ्यास करण्याच्या कामात त्या अग्रणी ठरल्या. कुष्ठरोग हाही खानोलकरांचा जिव्हाळ्याचा विषय. हा रोग मज्जातंतूंत कसा शिरतो, यावर त्यांनी पुष्कळ काम केले. कुष्ठरोग्याच्या गाठीतून वाढवलेला एक जंतू तर त्या संस्थेच्याच नावाने ओळखला गेला. अणुस्फोटांच्या किरणोत्सर्गाचा माणसावर काय परिणाम होतो हे तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीत ते भारताकडून होते, जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ मंडळांवर होते. १९६० ते १९६३ ही वर्षे त्यांनी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून काढली. पद्मभूषण मिळाले, राष्ट्रीय प्राध्यापकपद मिळाले. ही यादी वाढवता येईल, पण मानसन्मानांच्या यादीत माणूस हरवतो.

त्यांच्या हयातीत एक गोष्ट मात्र घडली नाही. तंबाखू चघळणे कर्करोगकारक आहे, असे अधिकृतपणे जाहीर करणारा कागद कुठल्या सरकारी दप्तरातून निघाला नाही. १९७५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पाकिटावर इशारा छापणे सक्तीचे झाले. पण कुठल्या पाकिटावर? फक्त सिगारेटच्या! विडीवर नाही, जर्द्यावर नाही, तंबाखूच्या पुडीवर नाही. परळच्या प्रयोगशाळेतून तीस वर्षे जो आकडा ओरडून सांगत होता तो चघळण्याच्या तंबाखूचा, आणि कायद्याने शब्द उचलला तो विलायती अहवालातल्या सिगारेटचा. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकर गेले, तेव्हा परिस्थिती हीच होती.

आता त्या वर्गीकरणाकडे वळू. फ्रान्समधल्या ल्यों शहरात १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र संस्था स्थापन केली. कुठला पदार्थ, कुठला व्यवसाय, कुठली सवय कर्करोगाला कारण होते हे एकेक करून तपासायचे आणि त्याचा ग्रंथ काढायचा, हे काम तिने १९७० च्या आगेमागे हाती घेतले. पहिला खंड १९७२ मध्ये आला. कामाची रीत आपल्याकडच्या जुन्या पंचायतीसारखी आहे. जगभरातले वीसेक तज्ज्ञ आठवडाभर एकत्र बसतात. ज्यांचे त्या मालात आर्थिक हितसंबंध आहेत त्यांना मत नाही. कंपन्यांची माणसे फार तर निरीक्षक म्हणून मागे बसतात. विचारात घ्यायचा तो फक्त प्रसिद्ध झालेला, कोणालाही वाचता येईल असा पुरावा. कंपनीच्या कपाटातला गुप्त अहवाल चालत नाही.

पुरावा तीन टोपल्यांत लावला जातो. माणसांवरचे अभ्यास, म्हणजे खानोलकरांनी केले तसे. प्राण्यांवरचे प्रयोग. आणि तिसरा, तो पदार्थ शरीरात जाऊन पेशीचे नेमके काय बिघडवतो, याचा. माणसांवरचा पुरावा पुरेसा असेल तर पहिला गट, सिद्ध. तिथे पुरावा थोडा पण बाकीच्या टोपल्या भक्कम, तर दोन-अ, म्हणजे बहुधा कर्करोगकारक. त्याहून कमी असेल तर दोन-ब, कदाचित कर्करोगकारक. आणि सांगता येण्याजोगा पुरावाच नसेल तर तिसरा गट. पूर्वी निर्दोष पदार्थांसाठी एक चौथा गटही होता. त्यात इतक्या वर्षांत एकच पदार्थ जाऊ शकला, आणि २०१९ मध्ये तो गटच काढून टाकला! शास्त्राला निर्दोषत्वाचा दाखला देणे किती जड जाते, हे यावरून कळावे.

या पायऱ्या वाचताना एक घोटाळा हमखास होतो, आणि वर्तमानपत्रांचे मथळेही त्याला हातभार लावतात. गट हा पुराव्याच्या भक्कमपणाचा असतो, धोक्याच्या आकाराचा नसतो. २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात आले, तंबाखूच्या शेजारी. याचा अर्थ दोन्ही सारखेच घातक असा नाही. दोन्हींविषयी खात्री सारखी, एवढाच. मोबाइलच्या लहरी २०११ पासून दोन-ब मध्ये आहेत. त्याने घाबरून जायचे कारण नाही, आणि पुढचा अभ्यास थांबवायचेही नाही.

यवतमाळकरांना या पायऱ्यांची ओळख वेगळ्याच वाटेने झाली. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि इतरत्र दाखल झाले. त्यानंतर औषधाच्या डब्यांवर काय लिहिलेले असते याकडे गावोगाव लक्ष गेले. डब्यावर एक त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. पण हा रंग किती मात्रेने जीव जातो त्यावर ठरतो, म्हणजे आजच्या विषबाधेचा. वीस-तीस वर्षांनी शरीरात काय उगवेल, याविषयी तो त्रिकोण मुका आहे.

त्याच सुमारास ग्लायफोसेट या तणनाशकाचे नाव गाजत होते. चोर बीटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेकायदा कापूस वाणावर ते सर्रास फवारले जाई, अधिकृत परवानगी मात्र चहाच्या मळ्यांपुरती आणि पडीक जागांपुरती. ल्योंच्या संस्थेने मार्च २०१५ मध्ये त्याला दोन-अ मध्ये टाकले. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने त्यापासून कर्करोगाचा संभव नाही असे मत दिले, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचेही मत तसेच. शेतकऱ्याने कोणाचे ऐकायचे? इथे प्रश्नच दोन आहेत. विहिरीत साप आहे का, हा एक प्रश्न. तुम्ही त्या विहिरीत कितीदा उतरता, पायऱ्या धड आहेत का, हातात कंदील आहे का, हा दुसरा. ल्योंची संस्था पहिल्याचे उत्तर देते. परवाना देणाऱ्या यंत्रणा दुसऱ्याचे देतात आणि त्यासाठी कंपन्यांनी सादर केलेले अप्रकाशित अहवालही वाचतात. फरक एवढ्यानेच संपत नाही. त्याच पुराव्याचे वजन करतानाही तज्ज्ञांत मतभेद झाले, आणि तो वाद पुढे अमेरिकेच्या न्यायालयांत गेला. २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात या तणनाशकावर निर्बंध आणण्याच्या हालचाली कृषी विभागाने केल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ते फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांमार्फतच वापरावे अशी अधिसूचना काढली.

परवाना देणाऱ्या यंत्रणा कंदील आणि पायऱ्या गृहीत धरून हिशेब मांडतात. उघड्या अंगाने, पाठीवर पंप घेऊन, वाऱ्याच्या दिशेचा विचार न करता फवारणारा मजूर त्या हिशेबात कितपत बसतो? माझ्या मते खरी फट इथे आहे. ती भरायची तर परळला झाले तसेच काम लागेल. रुग्ण मोजायचे, ज्यांना रोग नाही अशांनाही विचारायचे, आणि वर्षानुवर्षे विचारत राहायचे. मुंबईत कर्करोगाची लोकसंख्येनिहाय नोंदणी १९६३ पासून सुरू झाली. विदर्भात नागपूर आणि वर्धा इथे अशी नोंदणी होते.

पुन्हा खर्ऱ्याकडे येऊ. ल्योंच्या तज्ज्ञांनी तंबाखू घातलेल्या पानविड्याचा विचार १९८४-८५ मध्ये केला आणि माणसांवरचा पुरावा पुरेसा ठरवला. त्या पुराव्यात भारतातल्या अभ्यासांचा वाटा मोठा होता, आणि १९५५ चा मुंबईचा अभ्यास त्यांतला एक. म्हणजे खानोलकरांच्या पहिल्या हजार रुग्णांपासून या निर्वाळ्यापर्यंत चाळीस वर्षे गेली. सुपारीची कथा आणखी लांबलेली आहे. कमल रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारीचा अर्क हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या गालाच्या पिशवीत लावून प्रयोग केले होते आणि गाठी होतात असे १९७६ मध्ये प्रसिद्ध केले होते. पण माणसांच्या बाबतीत अडचण होती. आपल्याकडे सुपारी खाणारा बहुतेक वेळा तंबाखूही खातो. मग दोष कोणाचा, हे वेगळे कसे काढायचे? म्हणून तंबाखूविना पानविडा तिसऱ्या गटात पडून राहिला. सुटका झाली ती तैवानमुळे. तिथे सुपारी खूप खातात, पण तंबाखू न घालता. तिथले आणि इतर ठिकाणचे अभ्यास हाती आले आणि २००३ मध्ये सुपारी स्वतंत्रपणे पहिल्या गटात गेली. मधल्या त्या अठरा वर्षांत सुगंधी सुपारीच्या पुड्या शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचल्या होत्या, आणि ऐन तरुण मुलांची तोंडे आवळून दोन बोटेही आत जाईनाशी होण्याचा आजार घरोघरी ओळखीचा झाला होता. तिसरा गट म्हणजे निर्धोक, असे कोणी म्हटले नव्हते. पण बाजाराला तेवढे पुरले.

ल्योंची संस्था कायदे करत नाही. ती सांगते, करायचे ते त्या त्या सरकारने. आपल्याकडे कर्करोगकारक पदार्थांसाठी एक खाते नाही. औषधांचा कायदा वेगळा, अन्नाचा वेगळा, कीटकनाशकांचा वेगळा. १९९२ मध्ये दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यावर केंद्राने बंदी आणली, ती औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली, ती अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या आधाराने, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत एक छोटेसे वाक्य आले, की खाद्यपदार्थात तंबाखू आणि निकोटीन घटक म्हणून असता कामा नये. त्या वाक्याच्या बळावर जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखा आणि पानमसाला बंद झाला. वर्षभराने सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीही त्या आदेशात आली. आदेश वर्षावर्षाने नव्याने निघतो. कारखान्यातली पुडी त्याने पकडता येते. ठेल्यावर डोळ्यांसमोर घोटलेल्या खर्ऱ्याला ना कारखाना, ना पाकीट. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे जवळपास एक जण धूरविरहित तंबाखू घेणारा आढळला होता.

धोतर मात्र कुठल्याच गटात नाही. ते असण्याचे कारणही नाही, कापडाला कोण दोष देणार! पण २०२४ च्या अखेरीस यवतमाळला लागून असलेल्या वर्ध्यातल्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी मिळून दोन वृद्ध स्त्रियांची हकिगत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. कमरेवर न भरणारी जखम, तुकडा तपासला तर कातडीचा कर्करोग. एकीची परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेली. दुसरी लुगडे नेसणारी. परकराविना, चाळीस वर्षे, कमरेला कसून. डॉक्टरांनी इतर बायकांना सल्ला दिला आहे तो साधा आहे. नाडी सैल बांधावी, आणि कातडीला त्रास होत असेल तर ती बरी होईपर्यंत सैल कपडे वापरावेत.